आत पोचल्यावरचं काम

भिंत विरघळवलेल्या यीस्टच्या पेशी बर्फातल्या काचेच्या नळीत घालून दट्ट्यानं फोडतात, तेव्हा सगळं कसब मनगटात असतं. जोर कमी पडला तर पेशी फुटत नाहीत, जास्त झाला तर आतले मायटोकाँड्रियाही जातात. सेंट्रिफ्यूजच्या वेगवान फेरीनंतर नळीच्या तळाशी तपकिरी थर बसतो. तो रंग सायटोक्रोमचा. मला हा थर पाहायला फार आवडतं, कारण तो अजून कामाचा असतो. ऊर्जा पुरवली, की हे मायटोकाँड्रिया बाहेरून दिलेलं प्रथिन आत ओढून घेतात.

ओढावंच लागतं. माणसाच्या मायटोकाँड्रियात हजारभर प्रकारची प्रथिनं असतात आणि त्यांच्या स्वतःच्या डीएनएवरून बनतात फक्त १३. उरलेली बाहेर तयार होतात, त्यांतली बरीचशी उलगडलेल्या धाग्यासारखी दोन पटलांतून शिरतात. एचएसपी७० हे शॅपरोन, म्हणजे इतर प्रथिनांना मदत करणारं प्रथिन, त्यांना आत खेचतं.

प्रथिन आत गेलं का हे पाहायला किरणोत्सारी गंधकाची खूण केलेलं प्रथिन देऊन थोड्या वेळानं ट्रिप्सिन घालायचं. बाहेर राहिलेलं कापलं जातं, आत गेलेलं वाचतं आणि फिल्मवर त्याची काळी पट्टी उमटते. पट्टी दिसली की काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. पण १९८९मध्ये आर्थर हॉर्विच आणि फ्रान्झ-उलरिख हार्टल यांच्या गटांनी यीस्टचा असा वाण अभ्यासला, की त्यात ३७ अंशांना प्रथिनं आत जात, पण कामाची होत नसत. दोष एचएसपी६०मध्ये होता. सात-सात रेणूंच्या कड्यांचं हे शॅपरोन नव्या प्रथिनाला पोकळीत घेतं, इतरांपासून वेगळं ठेवून घडी पडू देतं. प्रथिनांची घडी आपोआप पडते ही तोवरची समजूत पेशीपुरती अपुरी ठरली.

माणसात हेच प्रथिन किंचित बदललं तर? एका आनुवंशिक आजारात एचएसपी६०मधल्या एका व्हॅलीनच्या जागी आयसोल्युसीन येतं. दोघांत फरक एकाच कार्बन अणूचा आणि त्याच्या दोन हायड्रोजनांचा. तेवढ्यानं रुग्णाचे पाय ताठरत जातात, चालणं अवघड होतं. मेंदूकडून पाठीच्या कण्यात खोलवर उतरणारे सर्वांत लांब चेतातंतू आधी दुखावतात.

मग एचएसपी६० वाढवणारं औषध द्यावं, असं कुणालाही वाटेल. मात्र अनेक कर्करोगांच्या गाठींत हे प्रथिन आधीच जास्त सापडतं आणि तिथे त्याला रोखणारी रसायनं शोधली जात आहेत. म्हणून कुठल्या ऊतीत, किती वाढवायचं, हे ठरल्याशिवाय या वाटेनं रुग्णापर्यंत जाऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.