कातडं कमावणारी साल

शिवडीच्या किल्ल्यावरून खाडीकडे पाहिलं की फ्लेमिंगोंच्या दलदलीलगत जो हिरवा पट्टा दिसतो, तो बहुतांशी तिवर या खारफुटीच्या झाडाचा. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वसनमुळं ही त्याची खूण. कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या झाडाची मुळं मात्र खोडापासून कमानीसारखी खाली उतरतात आणि त्याची साल टॅनिन या तुरट द्रव्याने भरलेली असते. नायलॉन येण्यापूर्वी किनाऱ्यावरचे कोळी सुती आणि सणाची जाळी ऐनासारख्या झाडांच्या अशाच टॅनिनयुक्त सालीच्या काढ्यात बुडवत, ती खाऱ्या पाण्यात लवकर कुजू नयेत म्हणून.

कातड्याचंही तसंच. कच्चं कातडं म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाचे ओले तंतू. टॅनिन त्यांना घट्ट चिकटतं, पाण्याची जागा घेतं, आणि मग जिवाणूंना ते सहजी कुजवता येत नाही. किडीपासून आणि चरणाऱ्या तोंडांपासून वाचण्यासाठी झाडाने घडवलेला हा तुरटपणा. माणसाने तो हेरला, ही मला फार मोठी विद्या वाटते. ती ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्या ढोर-चांभार कारागिरांना आपण तिचं श्रेय कधी दिलं नाही.

आपल्याकडे कातडं कमावण्याचं काम मुख्यतः बाभळीचं. काळपट, उभ्या खोल भेगांची साल, पांढरे जोडकाटे, पिवळी गोंड्यासारखी फुलं, मण्यांच्या माळेसारखी शेंग. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या हिवराची साल फिकट असते, फुलंही फिकट. रस्त्याकडेला लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीला काटेच नसतात. तिची कोयत्यासारखी 'पानं' म्हणजे खरं तर चपटे झालेले देठ, आणि शेंगा पिळवटलेल्या. जगाच्या बाजारात जिच्या सालीचा अर्क चालतो ती काळी वॅटल हिचीच बहीण, पण ती निलगिरीसारख्या थंड डोंगरांवरची.

बाभळीच्या सालीत साधारण 12 ते 20 टक्के टॅनिन असतं. कोल्हापुरी चपलेसाठी कातडं आधी चुन्यात ठेवून केस काढतात, सालीच्या पाण्यात मुरवतात, मग पिशवीसारखं शिवून आत बाभळीची साल, हिरडा आणि पाणी भरून टांगतात. पाणी कातड्यातून झिरपत राहतं. क्रोमियमच्या क्षारांनी जे कमावणं दिवसाभरात उरकतं, त्याला इथे काही आठवडे लागतात.

साल घ्यायची ती तोडलेल्या वा छाटलेल्या बाभळीची. उभ्या खोडाभोवती गोल सोलली, तर पानांतलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड मरतं. कांदळवनाला तर हात लावूच नये. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या तोडीवर बंदी घातली आहे.