ट्रोना : दोन सोड्यांचे एक खनिज

धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा घरात वेगवेगळ्या डब्यांत असतात; ट्रोना या खनिजात मात्र ते एकाच स्फटिकात नांदतात. सोडियम कार्बोनेटचा एक रेणू, सोडियम बायकार्बोनेटचा एक आणि पाण्याचे दोन, अशी त्याची घडण आहे. त्याचे बरेचसे गुणधर्म या जोडणीतूनच उलगडतात.

ट्रोनाचे स्फटिक एकनत (तीन अक्षांपैकी एक कललेला असलेले) असतात, पण सुटे स्फटिक क्वचितच सापडतात. तंतुमय वा स्तंभाकार पुंजकेच जास्त. शुद्ध खनिज रंगहीन किंवा पांढरे, माती मिसळली की करडे, पिवळसर. चमक काचेसारखी, कठिनता २.५ ते ३, विशिष्ट गुरुत्व सुमारे २.१. चव खारट-तुरट. ते पाण्यात विरघळते आणि द्रावण अल्कधर्मी होते. सौम्य आम्लाचा थेंब पडताच कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे फसफसतात, तर ज्योतीत धरल्यास सोडियमचा गडद पिवळा रंग दिसतो.

याच कुळातल्या नेट्रॉनशी तुलना केली की ट्रोनाचे वेगळेपण ठसते. नेट्रॉनमध्ये कार्बोनेटच्या एका रेणूमागे पाण्याचे दहा रेणू असतात, म्हणजे वजनाचा जवळजवळ ६३ टक्के भाग पाणीच! कोरड्या हवेत ते पाणी उडून त्याची भुकटी होते. ३२ ते ३४ अंश सेल्सिअसला तर ते स्वतःमधल्या पाण्यातच विरघळू लागते. ट्रोनात पाणी थोडे, म्हणून ते उन्हाळी प्रदेशातही टिकते. प्राचीन इजिप्तमध्ये शव सुकवण्यासाठी वापरलेला 'नेट्रॉन' हा या क्षारांचे मिश्रण होता. सोडियमची रासायनिक संज्ञा याच नावावरून आली.

ज्वालामुखी खडक झिजून निघालेले सोडियम बाहेर वाट नसलेल्या तळ्यात साचते. पाणी आटू लागले की कॅल्शियम, मॅग्नेशियमचे कार्बोनेट आधी तळाशी बसतात, सोडियमचे उरतात आणि त्यांतून ट्रोना तयार होते. असेच बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर बेसाल्टच्या विवरात आहे आणि त्याच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. तिथला खार पूर्वी काढून विकला जाई. पापडी, भुस्की अशी त्याच्या प्रकारांची नावे होती.

ट्रोनाचा सर्वांत मोठा साठा अमेरिकेतील वायोमिंगमध्ये ग्रीन रिव्हर परिसरात, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या सरोवराच्या थरांत आहे. खाणीतले खनिज भाजले की त्यातले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात. शुद्ध ट्रोनाच्या १०० किलोंमधून सुमारे ७० किलो सोडियम कार्बोनेट उरते. काच आणि साबणाच्या कारखान्यांना लागणारा सोडा तो हाच.