नळाच्या पाण्याचा तपासणी अहवाल : कुठे मागायचा, कसा वाचायचा

शिरवळ आणि नीरेकाठच्या गावांतून माझ्याकडे पाण्याचे जे अहवाल येतात, ते बहुतेक सिंचनाच्या पाण्याचे असतात. क्षारता, सामू, सोडियम शोषण गुणोत्तर पाहून उसाला किंवा डाळिंबाला पाणी चालेल की नाही, ते आपण ठरवतो. मागच्या उन्हाळ्यात एका शेतकऱ्याने असाच अहवाल पुढे ठेवला आणि विचारले, "साहेब, घरच्या नळाला याच विहिरीचं पाणी येतं. मग प्यायला चांगलंच म्हणायचं ना?" त्या अहवालात नायट्रेट नव्हते, जिवाणूंची तपासणी नव्हती. पिकाला चांगले म्हणून माणसाला चांगले, असे त्यावरून म्हणता येत नाही. त्यांच्या घरात चार महिन्यांचे बाळ होते, म्हणून मी त्यांना वेगळी तपासणी करायला सांगितली.

पण नवीन नमुना देण्याआधी एक गोष्ट करा. तुमच्या गावच्या पाण्याची तपासणी बहुधा झालेली असते. तिचा अहवाल पाहणे हा तुमचा हक्क आहे.

अहवाल कोणाकडे असतो?

गावात सर्वात आधी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक गाठा. नमुने घेणे, टीसीएल टाकणे, ओटी चाचणी करणे ही कामे त्याचीच. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. या संचावर सामू, कठीणपणा, क्लोराईड, फ्लोराईड, नायट्रेट, लोह अशा तपासण्या गावातच होतात. तुमच्या गल्लीत अशी ताई असेल तर घरच्या नळाचे पाणी तिच्याकडून तपासून घ्या. संचाचा निकाल प्राथमिक असतो, शंका आली तर प्रयोगशाळाच गाठावी लागते.

प्रयोगशाळेतली तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळांत होते. आपल्या भागासाठी जिल्हा प्रयोगशाळा साताऱ्यात आहे. मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक तपासणी पावसाळ्याआधी व नंतर अशी दोनदा व्हायला हवी. हे निकाल मिशनच्या पाणी गुणवत्ता पोर्टलवर भरले जातात. तिथे राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडून कोणालाही ते मोबाईलवर पाहता येतात. खंडाळा नावाची ठिकाणे राज्यात बरीच आहेत, त्यामुळे आधी सातारा जिल्हा निवडा. लोणंद, खंडाळ्यासारख्या ठिकाणी पाणीपुरवठा नगरपंचायतीकडे असल्याने तिथे तिच्या पाणीपुरवठा विभागाकडे विचारा.

ग्रामपंचायतीत आणखी एक कागद पाहण्यासारखा असतो : स्वच्छता सर्वेक्षणानंतर मिळणारे कार्ड. विहीर, टाकी, जलवाहिनी आणि आजूबाजूची स्वच्छता पाहून लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. लाल म्हणजे जोखीम जास्त. मात्र कार्डाचा रंग हा तुमच्या नळाच्या पाण्याचा निकाल नव्हे, एवढे लक्षात ठेवा.

तोंडी विचारून अहवाल मिळाला नाही तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करा. अर्जावर १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावायचे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते लागत नाही. अर्जात "पाण्याची माहिती द्यावी" असे मोघम लिहू नका. "मागील दोन वर्षांत गावच्या पाणीपुरवठा योजनेच्या सर्व नमुन्यांचे रासायनिक व जैविक अहवाल, नमुना घेतल्याचे ठिकाण व तारीख, तसेच टीसीएल साठा व ओटी चाचणीच्या नोंदवहीच्या प्रती" असे नेमके लिहा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, त्यानंतर प्रथम अपील करता येते. माझा अनुभव असा, की ग्रामसभेत अहवाल वाचून दाखवण्याची मागणी केली तर अर्जाची वेळ सहसा येत नाही.

आधी ठिकाण पाहा, मग आकडे

अहवाल हातात आला की आपण थेट "पिण्यास योग्य" हे शब्द शोधतो. त्याआधी नमुना कुठून घेतला ते पाहा. तो विहिरीचा किंवा टाकीचा असेल आणि तुमचे घर जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला असेल, तर त्या अहवालावरून तुमच्या नळाबद्दल फार काही कळत नाही. नळाला दिवसातून तास-दोन तास पाणी येते, बाकी वेळ वाहिनी रिकामी असते. गटारालगत वाहिनीला गळती असेल तर त्या वेळात घाण आत ओढली जाते. म्हणून टाकीचा एक आणि शेवटच्या नळाचा एक असे दोन अहवाल मागा. टाकी स्वच्छ आणि नळ दूषित निघाला, तर दोष वाटेत आहे हे लगेच कळते.

आकड्यांसाठी भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ पाहतात. ई. कोलाय १०० मिलि पाण्यात अजिबात आढळू नये. टोकाच्या नळाला उर्वरित क्लोरीन प्रति लिटर किमान ०.२ मिलिग्रॅम असावे. विरघळलेले क्षार ५०० पर्यंत उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत मान्य. एकूण कठीणपणासाठी हेच आकडे २०० आणि ६०० आहेत, तर फ्लोराईडसाठी १ आणि १.५. नायट्रेटची मर्यादा ४५, आणि तिला कुठलीही सूट नाही.

नायट्रेटवर मी मुद्दाम थांबतो, कारण ते बऱ्याचदा आपल्याच शेतातून येते. युरियाचे जादा हप्ते, मोकाट पाणी, विहिरीजवळ रचलेले कोंबडीखत, शेजारचा शोषखड्डा या सगळ्यांतले नत्र झिरपून भूजलात जाते. सहा महिन्यांखालील बाळाला अशा पाण्यात कालवलेले वरचे दूध दिले तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडू शकते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. क्लोरीननेही ते जात नाही. अशा घरी बाळासाठी दुसऱ्या स्रोताचे तपासलेले पाणी किंवा आरओचे पाणी वापरावे.

हाच आकडा खताच्या हिशेबातही धरा. ४५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे सुमारे १० मिलिग्रॅम नत्र. एका एकरावर एक मीटर उंचीचे, म्हणजे जवळपास ४० लाख लिटर पाणी दिले, तर त्यातून सुमारे ४० किलो नत्र जाते. हे युरियाच्या ४५ किलोच्या दोन गोण्यांइतके झाले. विहिरीत एवढे नायट्रेट असेल तर उसाच्या खतमात्रेत तेवढी कपात का करू नये?

जिवाणूंची गोष्ट वेगळी. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा तपासाचा रोख पिण्याच्या पाण्याकडे वळला. तो भाग शिरवळपासून फार लांब नाही. ई. कोलाय आढळले तर पाणी खळखळून उकळा आणि टाकीत टीसीएलची मात्रा तपासा. ३३ टक्के क्लोरीनच्या ताज्या पावडरीसाठी १००० लिटरला ५ ग्रॅम हा ढोबळ हिशेब आहे. उघड्या पोत्यातली जुनी पावडर याच मात्रेत पुरत नाही, कारण तिचा क्लोरीन उडून गेलेला असतो.

स्वतः नमुना द्यायचा असेल तर

खासगी नमुनाही शुल्क भरून प्रयोगशाळेत देता येतो. रासायनिक तपासणीसाठी एक-दोन लिटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा. कीटकनाशकाचा किंवा शीतपेयाचा रिकामा डबा वापरू नका. जैविक तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा. तिच्यात क्लोरीन निष्प्रभ करणारे औषध असते, म्हणून ती विसळायची नाही. नळाचे तोंड पुसून ज्योतीने शेकवा, दोन-तीन मिनिटे पाणी सोडा, बाटलीच्या आत बोट न लावता ती भरा आणि बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोहोचवा. कारखान्यांच्या जवळ राहत असाल तर जड धातूंची तपासणी वेगळी सांगावी लागते, नेहमीच्या यादीत ती धरलेली नसते. नमुना सोमवार ते गुरुवार सकाळी द्या. शुक्रवारी संध्याकाळी नेलेली जैविक बाटली सुट्टीत पडून राहिली तर तिचा निकाल कामाचा नसतो.