अंदमानच्या सहलीला कोणी जावे, कोणी थांबावे?

दिवाळी सरली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, अंदमानची सहल ठरते आहे, आम्हाला झेपेल ना?" विचारणारे बहुधा साठीच्या आसपासचे जोडपे असते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे ज्या बेटावर काढली, ते एकदा पाहावे ही मराठी माणसाची इच्छा असतेच. त्यामुळे सरसकट 'जाऊ नका' असे मी म्हणत नाही. जमेची आणि खर्चाची, दोन्ही बाजू समोर ठेवतो.

जमेची बाजू मोठी आहे. डिसेंबर ते मार्च या काळात तेथे पाऊस कमी आणि समुद्र बराच शांत असतो. कडाक्याची थंडी नसते, हवेत धूळ कमी असते. थंडीने सांधे आखडणाऱ्यांना ही ऊबदार हवा मानवते. मे ते नोव्हेंबर मात्र पावसाचे दिवस. वाऱ्यापावसात बोटी रद्द होतात.

आता खर्चाची बाजू. दमट हवेमुळे घाम फार येतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना अशा वेळी चक्कर येऊ शकते. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. शहाळे उत्तम, पण मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते विचारूनच प्यावे.

घड्याळ तेथेही आपलेच, पण सूर्य आपल्यापेक्षा तासाभराने आधी उगवतो. म्हणून सहलीही भल्या पहाटे निघतात. बाराटांगला जायचे तर तीन-साडेतीनलाच. मधुमेहींनी येथे जपावे. जेवणाआधीचे इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय टोचू नये. खिशात साखर आणि बिस्किटे असावीत.

हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपाला, बोटीने जावे लागते. बोट लागणाऱ्यांनी हलका नाश्ता करावा आणि उलटीची गोळी निघण्यापूर्वी तासभर आधी घ्यावी. प्रोस्टेट किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी ही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये.

समुद्रात उतरताना किनाऱ्यावरच्या पाट्या वाचाव्यात. तेथे खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकला एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. दमा, फिट्स, हृदयविकार किंवा कान फुटलेला असेल तर डायव्हिंगच्या फॉर्मवर ते लपवू नये. डायव्हिंग केल्यावर एक दिवस विमानात बसू नये. पाण्याखालच्या दाबाने रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे उंचावर बुडबुडे होतात आणि ते जिवावर बेतू शकते.

पण वाचकहो, सर्वांत महत्त्वाचा मुद्दा अंतराचा. मोठे सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमला आहे. हॅवलॉकहून ते बोटीने दीड ते अडीच तासांवर. चेन्नई त्याहून दूर, साडेतेराशे किलोमीटरच्या आसपास. हृदयविकाराच्या झटक्यात पहिले काही तास मोलाचे असतात आणि नेमका तेव्हाच मध्ये समुद्र असतो.

म्हणून माझा सल्ला असा. नुकताच झटका येऊन गेला असेल, अँजिओप्लास्टी झाली असेल, चालताना छातीत भरून येत असेल किंवा साखर-रक्तदाब आटोक्यात नसेल, तर या वर्षी थांबावे. तपासण्या करून, प्रकृती स्थिर झाल्यावर, डॉक्टरांच्या परवानगीने पुढच्या हंगामात जावे. फक्त गुडघे दुखत असतील तर खुशाल जावे. सेल्युलर जेलचे जिने सावकाश चढावेत, नाहीतर खालूनच पाहावे.

जाणाऱ्यांनी औषधे दुप्पट दिवसांची घ्यावीत आणि ती हातातल्या पिशवीत ठेवावीत. सोबत चिठ्ठी आणि जुन्या कार्डिओग्रामची प्रत असावी. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, डासांचे मलम लावावे. परतल्यावर महिना-दोन महिन्यांत ताप आला तर रक्त तपासून घ्यावे आणि 'अंदमानला जाऊन आलो' हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. निम्मे निदान त्या एका वाक्याने सोपे होते.