अजिंठ्याच्या गिलाव्यातील तूस व तंतू : प्रयोगशाळेत त्यांची ओळख कशी पटते

अजिंठ्याची लेणी पाहण्यास येणारा मनुष्य भिंतींवरील चित्रे पाहतो. ती चित्रे ज्या गिलाव्यावर काढली आहेत त्याकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही. शेतकऱ्याने मात्र हा गिलावा अवश्य पाहावा. रंगाचा थर गळून जेथे खालची माती उघडी पडली आहे, तेथे तीत भाताचे तूस, गवताच्या काड्या व वनस्पतींचे तंतू मिसळलेले आढळतात. आपल्याकडे कणगी लिंपताना किंवा कुडाच्या भिंतीसाठी शेण, माती व भूस यांचा जो चिखल तुडवितात, त्याच जातीची ही वस्तू होय. हा चिखल कातळावर थापून त्यावर चुन्याचा पातळ थर दिला व तो वाळल्यावर रंग भरले. या कामास इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकात आरंभ झाला आणि त्याचा मोठा भाग पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळी झाला.

मातीत काड मिसळण्याचे कारण शेतकऱ्यास सांगावयास नको. ओली माती वाळताना आकसते व तिला भेगा पडतात. काड, तूस व तंतू यांच्यामुळे ही ओढ सर्वत्र वाटली जाते, भेगा बारीक राहतात आणि गिलावा वजनाला हलका होऊन छतालाही धरून राहतो. यांपैकी तूस फार टिकाऊ. त्यात सिलिका, म्हणजे वाळूतील मुख्य घटक, मोठ्या प्रमाणात असते. तूस जाळले असता जी राख उरते ती बहुतांशी सिलिकाच असते. गवताची काडी, तंतू व शेण यांची गोष्ट निराळी आहे. ते किडीचे खाद्य आहे.

चित्रांना लागलेली कीड

जुन्या वह्या व पोथ्या उघडल्या असता चंदेरी रंगाची, बिनपंखी, माशासारखी निमुळती होत गेलेली एक कीड झरकन पळते. तिला आपण कसर म्हणतो. पिष्ठमय पदार्थ, खळ, सरस, कागद व वनस्पतींचे तंतू यांवर ती जगते. तिला अंधार व दमट हवा मानवते. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर, उंच कड्यात कोरलेली आहेत. पावसाळ्यात समोर धबधबा कोसळत असतो. आत अंधार, हवेत ओल आणि भिंतीत काड! कसरीला याहून अधिक काय हवे? ती रंगासाठी येत नाही. आतील सेंद्रिय पदार्थासाठी येते. परंतु तो पदार्थ गेला की वरील रंगाचा आधारच नाहीसा होतो. अजिंठ्याची किमान २५ टक्के चित्रे किडींमुळे नष्ट झाली असावीत, असा अंदाज या विषयाच्या अभ्यासकांनी २०१६ साली मांडला होता.

उपाय झाले नाहीत असे नाही. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांस पाचारण केले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा बसविला व चित्रांवर लाखेचा लेप दिला. पुढे तो लेप पिवळट पडला व तो काढण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशास्त्रज्ञांस कित्येक वर्षे पुरले. आणि वरचा लेप कितीही चांगला असला तरी आतील काडाचे रक्षण तो कसे करणार? त्यासाठी गिलाव्यात नेमके काय आहे, हे आधी कळावयास पाहिजे.

नमुना नखाएवढा, प्रश्न मोठा

शेतातील मातीचा नमुना काढताना आपण ठिकठिकाणची माती घेऊन अर्धा किलो पिशवीत भरतो. अजिंठ्यास ते शक्य नाही. चित्राचा कपचाही काढता येत नाही. जो तुकडा आपोआप गळून पडला, किंवा जेथे रंग मुळीच उरला नाही अशा कडेचा जो कण घेता आला, त्यावरच भागवावे लागते. १९३० नंतरच्या दशकात एस. परमशिवन या रसायनशास्त्रज्ञांनी अजिंठ्याच्या गिलाव्याचे व रंगांचे पृथक्करण केले, तेव्हा मुख्य साधन आम्ले व भट्टी हेच होते. नमुना आम्लात टाकला की चुन्याचे प्रमाण कळते. जाळला की वजनात जी घट येते तीवरून सेंद्रिय पदार्थाचे प्रमाण कळते. हे ज्ञान मोलाचे होते व आजही त्याचा आधार घ्यावा लागतो. पण यात एक उणीव आहे. जळालेली काडी कोणत्या झाडाची होती, हे राख सांगत नाही.

नवीन पद्धतींचा सारा खटाटोप याच प्रश्नासाठी आहे. नमुना न जाळता, न विरघळविता त्याच्याकडून उत्तर मिळवावयाचे. पहिली पायरी साधी आहे. दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल अशा सूक्ष्मदर्शकाखाली मातीचा तुकडा हळुवारपणे फोडून त्यातील काडी, बी, पान व तंतू चिमट्याने वेगळे करतात. यानंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे काम सुरू होते. यात प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरतात. नमुन्यावर सोन्यासारख्या धातूचा अत्यंत पातळ मुलामा देऊन तो निर्वात पेटीत ठेवतात आणि त्याचा पृष्ठभाग हजारो पटींनी मोठा करून पाहतात. भाताच्या तुसावर दोन उंचवटे असलेल्या पेशींच्या रांगा असतात. त्यांवरून भात ओळखता येतो. भांगेच्या पानावर वाघनखासारखे वाकडे केस असतात व त्यांच्या बुडाशी चुनखडीचा कण असतो. वनस्पतीची अशी अंगची खूण पटली की मग तर्काची गरज उरत नाही.

तिसरी पद्धत अवरक्त किरणांची. हे किरण डोळ्यांस दिसत नाहीत. प्रत्येक पदार्थ यांतील ठराविक किरण शोषून घेतो व बाकीचे जाऊ देतो. त्याचा आलेख यंत्र काढून देते. माती, चुना, तंतूतील सेल्युलोज व लाकडातील लिग्निन यांचे आलेख निरनिराळे येतात. मात्र केवळ या आलेखावर विसंबून चालत नाही. कापूस, ताग, अंबाडी व भांग या सर्वांच्या तंतूंत सेल्युलोजच असते. म्हणून आलेखाने पदार्थ ओळखावा आणि सूक्ष्मदर्शकाने झाड ओळखावे, अशी ही जोडणी आहे.

वेरूळचा गिलावा व जालन्याचे रोप

अजिंठ्याच्या गिलाव्याशी ताडून पाहण्यास जिल्ह्यातच दुसरे स्थळ आहे. वेरूळची लेणीही त्याच जातीच्या काळ्या पाषाणात कोरलेली असून तेथेही मातीचा गिलावा वापरलेला आहे. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेतून निवृत्त झालेले रसायनशास्त्रज्ञ श्री. राजदेव सिंग आणि त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकविणारे डॉ. मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या बाराव्या लेण्यातील गिलावा वरील तीनही पद्धतींनी तपासला. मार्च २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. गिलाव्यातील वनस्पती भांगेची असून तिचे प्रमाण सुमारे १० टक्के आहे, असे त्यांना आढळले. सिंग यांना याआधी देवगिरीच्या किल्ल्याच्या गिलाव्यातही भांग मिळाली होती.

या कामातील सर्वांत महत्त्वाची वस्तू कोणतेही महागडे यंत्र नव्हते; ती होती भांगेचे ताजे रोप. या दोघांनी जालना जिल्ह्यातून व दिल्लीच्या परिसरातून भांगेची रोपे आणली आणि लेण्यातील जुना अंश व ताजे रोप एकाच यंत्राखाली, एकाच रीतीने तपासले. दोन्ही जुळले, तेव्हाच निष्कर्ष काढला. नाव ठाऊक असलेल्या नमुन्याशी ताडून पाहिल्यावाचून यंत्रातील चित्र हे नुसते चित्रच असते.

वेरूळास किडीचा उपद्रव दिसत नाही व अजिंठ्यास, जेथे भांग वापरलेली नाही, तेथे तो फार आहे. यावरून भांगेमुळे कीड दूर राहिली, असे मत या अभ्यासकांनी मांडले. वनस्पतीची ओळख जितकी पक्की आहे, तितके हे दुसरे विधान आमच्या मते पक्के धरता येणार नाही. अजिंठ्यास नदीची ओल आहे, वेरूळची लेणी डोंगराच्या उघड्या उतारावर आहेत. शिवाय वेरूळास चित्रांकित गिलावा मुळात थोडाच उरला आहे. शेतात एका वाफ्यास खत घातले व शेजारच्या गावातील दुसऱ्या जमिनीतील पिकाशी तुलना केली, तर तिला आपण प्रात्यक्षिक म्हणत नाही. एकाच मातीच्या दोन पाट्या कराव्या, एकीत भांग घालावी, दुसरीत साधे काड. दोन्हींना सारखी ओल व सारखा अंधार द्यावा, सारख्याच संख्येने कसर सोडावी आणि काही महिन्यांनी पाट्यांच्या वजनात किती घट आली ते पाहावे, असा पडताळा या विधानास हवा.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. हे वाचून कोणी घराच्या लिंपणासाठी बांधावर भांग लावू नये. अंमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यान्वये परवान्यावाचून तिची लागवड हा गुन्हा आहे. अंबाडी मात्र खुशाल लावावी. तिचे हाताच्या पंजासारखे पान भांगेच्या पानासारखे दिसते. इतके की वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिच्या शास्त्रीय नावातच ‘भांगेसारखी’ या अर्थाचा शब्द घातला आहे. इंग्रजीत तर ताग, अंबाडी व भांग या तिन्हींच्या तंतूंस एकच शब्द वापरण्याची सवय होती. त्यामुळे जुन्या अहवालात त्या शब्दाने नेमके कोणते पीक अभिप्रेत आहे, याचा उलगडा कित्येकदा होत नाही.

जालन्याच्या रोपाने जे काम केले ते करण्यासाठी प्रयोगशाळांना गावोगावच्या वनस्पतींचे नमुने लागतात. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे येथील पश्चिम विभागीय केंद्रात असा मोठा संग्रह आहे. ओळख न पटणारे तण किंवा कीड आढळल्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तिचा नमुना जवळच्या कृषि विज्ञान केंद्राकडे पाठवावा. वनस्पती फुलावर असताना मुळासकट उपटावी, माती झटकून वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरावी, वर वजन ठेवावे व कागद ओला झाला की बदलावा. पान एकदा उलटे व एकदा सुलटे दिसेल असे ठेवावे, कारण ओळख पटविणारे केस पुष्कळदा पानाच्या खालच्या बाजूस असतात. सोबतच्या चिठ्ठीवर गाव, शेताचा प्रकार, तारीख व स्थानिक नाव शिसपेन्सिलीने लिहावे. शाई ओलीने पसरते. कीड पाठवावयाची असल्यास तिने खाल्लेल्या वस्तूचा तुकडाही त्याच डबीत, पण वेगळ्या पुडीत द्यावा.