गोधडीचा त्रिकोण सुताने चुकला, तर गोधडी दोन इंचांनी चुकते

बचत गटांच्या शिवणकामात मोजमापाला पर्याय नाही

सुगी उरकली आणि उन्हं तापायला लागली, की आपल्याकडं घरोघरी गोधड्यांचं काम निघतं. जुनी लुगडी, धोतरं, साड्या धुऊन वाळवायच्या, ओसरीवर थरावर थर अंथरायचे आणि कडेनं धावदोरा घालत आत आत जायचं, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कुणी तिला गोधडी म्हणतं, कुणी वाकळ. लहान लेकरासाठी केलं तर दुपटं. हे काम बायकांना कुणी शिकवावं लागत नाही.

पण घरात अंगावर घ्यायची गोधडी वेगळी आणि विकायची गोधडी वेगळी. आता अनेक गावांतले महिला बचत गट गोधड्या शिवून प्रदर्शनात, शहरातल्या दुकानात विकायला ठेवतात. तिथलं गिऱ्हाईक उबेबरोबर नक्षीही बघतं. दोन रंगांचे त्रिकोण जोडून केलेला चौकोन आणि त्या चौकोनांची भिंगरी, शंकरपाळी किंवा नागमोडी, ही नक्षी लोकांना आवडते. दिसायला ती सोपी असते, करायला बसलं की घोळ होतो. टोकाला टोक भिडत नाही, ओळ वाकडी जाते, एक कड लांब तर दुसरी आखूड. मग माल परत येतो आणि आठ-दहा दिवसांची मजुरी पाण्यात जाते.

जुन्या गोधडीत चूक का दिसत नाही?

आजीच्या गोधडीला फूटपट्टी लागली नाही, मग आम्हालाच कशाला, असं बऱ्याच बायका विचारतात. प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तरही आहे. जुन्या गोधडीत ठिगळ खालच्या कापडावर ठेवून शिवतात. एक ठिगळ दुसऱ्यावर थोडं चढलं, कुठं दुमड जास्त घेतली, तरी खालचं अख्खं कापड सगळं सांभाळून घेतं. गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ शिवतात, तिथंही हीच पद्धत आहे. कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेनं आत येत ठिगळं बसवायची आणि शेवटी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची ‘फुला’ लावायची. फुला नसलेली कवंदी त्यांच्यात उघडी-नागडी समजतात. हे सगळं काम नजरेनं होतं आणि उत्तम होतं.

त्रिकोणांची जोडणी मात्र वेगळी. इथं तुकड्याला तुकडा कडेनं शिवला जातो, खाली आधाराचं कापड नसतं. त्यामुळं प्रत्येक तुकड्याची चूक पुढच्या तुकड्यात जाते आणि वाढत राहते. हिशेब करून बघा. चार इंची १६ चौकोनांची एक ओळ ६४ इंच भरायला हवी. सुतार-गवंडी जे सूत म्हणतात, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेवढीच चूक प्रत्येक चौकोनात झाली, तर १६ चौकोनांत १६ सूत, म्हणजे पुरे दोन इंच. एक ओळ ६४ इंचांची आणि शेजारची ६२ इंचांची. त्या जोडायच्या कशा? ओढून-ताणून जोडल्या तर गोधडी फुगते, बसत नाही. ३३ फुटी गुंठा मोजताना दोरी जरा सैल धरली तर बांधावर भांडण लागतं, तसंच हे आहे.

खरी खोड उरेब कापडात

कापड ताण्या-बाण्याचं असतं. उभ्या धाग्यात आणि आडव्या धाग्यात ओढून बघा, फारसं ताणत नाही. तिरपं, म्हणजे उरेब ओढलं, की लगेच लांबतं. ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी लावतात ती याचसाठी, वळणावर ती छान बसते. पण चौकोनाचे आधी दोन त्रिकोण कापले, की प्रत्येक त्रिकोणाची लांब कड उरेब होते. मशीनखाली घालताना, हातात धरताना ती कड लांबते आणि चौकोनाचा पतंग होतो.

यावर उपाय सोपा आहे: आधी टीप मारायची, मग कात्री लावायची. कापड चौकोनी असतानाच शिवलं, की उरेब कड तयार होण्याआधीच टिपेनं धरली जाते.

करायचं कसं?

समजा, जोडून झाल्यावर चार इंचांचा चौकोन हवा आहे.

१. एक फिक्या आणि एक गडद रंगाचा चौकोन घ्या. हिशेबानं माप येतं हव्या त्या चौकोनापेक्षा सात सूत जास्त, म्हणजे चार इंच सात सूत. पण नव्या हातानं थेट पाच इंचांचे कापावेत. उरलेलं नंतर छाटता येतं, कमी पडलेलं वाढवता येत नाही.

२. दोन्हींच्या चांगल्या बाजू एकमेकींना लावून ठेवा. वरच्या फिक्या कापडाच्या उलट बाजूवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीनं तिरपी रेघ मारा.

३. रेघेच्या दोन्ही बाजूंना, रेघेपासून दोन सूत, म्हणजे पाव इंच अंतरावर टीप मारा. रेघेवर टीप मारायची नाही.

४. आता रेघेवर कापा. दोन तुकडे होतील. उघडले, की दोन रंगांचे दोन चौकोन हातात येतात.

५. शिवण गडद कापडाकडं वळवून इस्त्री करा. इस्त्री ठेवायची आणि उचलायची, घासायची नाही. घासली, की उरेब शिवण पुन्हा ताणते.

६. प्रत्येक चौकोन साडेचार इंचांचा छाटून घ्या. चारी बाजूंची पाव-पाव इंच माया जोडणीत गेली, की चार इंच उरतात.

छाटण्यासाठी महागड्या पट्ट्या लागत नाहीत. जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा साडेचार इंचांचा साचा कापा आणि त्यावर कर्णाची रेघ ओढा. ती रेघ बरोबर शिवणीवर ठेवायची, चारी बाजूंनी पेन्सिल फिरवायची आणि कापायचं. फिल्म पारदर्शक असल्यानं खालची शिवण दिसते. साचा काटकोनात आहे का, हे गवंड्याच्या गुण्यानं बघा. गुण्या नसेल तर दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे भरले पाहिजेत.

काम मोठं असेल तर एकदम आठ चौकोनही होतात. दोन मोठे चौकोन घ्यायचे. माप हव्या त्या चौकोनाच्या दुप्पट अधिक पावणेदोन इंच, म्हणजे चार इंचांसाठी पावणेदहा. छाटायला जागा हवी म्हणून दहा इंचांचे घ्या. दोन्ही कर्ण आखा, प्रत्येक कर्णाच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारा. नंतर मधोमध उभं आणि आडवं कापा आणि मग कर्णांवर कापा. आठ तुकडे मिळतात.

पाव इंच म्हणजे पाव इंचच

बहुतेक चुका कात्रीच्या नसतात, टिपेच्या असतात. साध्या मशीनचा पाय पाव इंचाचा असेलच असं नाही. सुई खाली घेऊन तिच्यापासून दोन सूत मोजा आणि मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावा. कापडाची कड त्या पट्टीला लावूनच शिवायचं. खात्री करायची तर दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडा. इस्त्री केल्यावर तिन्ही मिळून साडेतीन इंच भरल्या आणि मधली बरोबर एक इंच दिसली, तर मशीन लागलं. कमी भरल्या तर टीप धाग्याभर कडेकडं घ्या. शिवण वळवताना थोडं कापड घडीत जातं, हे लक्षात ठेवायचं.

कापड कोणतं आणि किती?

कापड सुतीच घ्यावं. नवं कापड आधी धुऊन आटवून घ्या. लाल, निळ्या रंगांवर ओलं पांढरं फडकं घासून रंग जातो का ते बघा. जुनी साडी वापरायची तर उजेडाला धरा, जिथं विरळ दिसते तो भाग वगळा. मऊ पडलेल्या कापडाला तांदळाच्या पेजेची किंवा साबुदाण्याची खळ देऊन इस्त्री केली, की ते कापताना सरकत नाही. मात्र गोधडी झाल्यावर ती खळ धुऊन काढा, नाहीतर कसर लागते.

६४ बाय ८८ इंचांच्या गोधडीला असे चार इंची ३५२ चौकोन लागतात. त्यासाठी फिके १७६ आणि गडद १७६ पाच इंची तुकडे कापावे लागतील. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात एका ओळीत आठ तुकडे बसतात, म्हणजे २२ ओळी, ११० इंच. प्रत्येक रंगाचं तीन मीटर कापड पुरतं. अस्तर आणि आतला थर वेगळा. कापड, दोरा, आतला थर आणि लागलेले तास वहीत लिहून ठेवावेत. ते न लिहिता भाव सांगितला, की बाईची मजुरीच आधी बुडते.

गटाची एक पट्टी, एक साचा

दहा जणींनी दहा टेपांनी मोजलं, तर दहा मापं निघतात. कापडी टेप वापरून ताणली जाते. म्हणून गटात एकच लोखंडी पट्टी आणि एकाच पट्टीवरून कापलेले साचे असावेत. कापायचं काम दोघी-तिघींनी करावं, बाकीच्यांनी शिवावं, एकीनं प्रत्येक चौकोन साच्यावर ठेवून बघावा. तुकडा चुकला असेल तर तो तेव्हाच उसवता येतो. अख्खी गोधडी झाल्यावर उसवायची ताकद कुणात नसते.

इथं गावकारभाऱ्यांचंही काम आहे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी असतो. शिवणाच्या वर्गावर तो खर्च होतो, पण पुष्कळदा प्रमाणपत्र वाटून वर्ग संपतो. त्याऐवजी समाज मंदिरात कापायला एक मोठं टेबल, चांगली इस्त्री, लोखंडी पट्ट्या आणि दुरुस्त केलेली दोन मशीनं ठेवली, तर बायकांना वर्षभर उपयोग होईल. केंद्राच्या २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश आहे. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजानं कर्जाची तरतूद आहे. या अर्जांची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. नोंदणीची सद्यःस्थिती सामायिक सुविधा केंद्रात विचारावी, आणि सरपंचांनी आलेले अर्ज पडून ठेवू नयेत.

उमेदच्या किंवा माविमच्या गटांना पहिली मागणी मिळणं तितकं अवघड नाही. दुसरी मागणी मिळते ती पहिल्या मालावर. वीस गोधड्या सारख्या मापाच्या, टोकाला टोक भिडलेल्या गेल्या, तर गिऱ्हाईक पुन्हा येतं. आधी टीप मग कात्री, पाव इंचाची शिवण आणि एकच साचा, एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं. येत्या ग्रामसभेत टेबल-इस्त्रीचा विषय महिलांनी लेखी मांडावा आणि त्याची नोंद इतिवृत्तात झाली की नाही, हे वाचून बघावं.