पार्ल्याचे वय वाढते आहे

विलेपार्ले पूर्वेतील एखाद्या जुन्या इमारतीच्या जिन्यात काही वेळ थांबले, तरी त्या उपनगराचे वय ध्यानात येते. दोन मजल्यांमधील वळणावर कुठे कुठे एक खुर्ची ठेवलेली दिसते. भाजीची पिशवी घेऊन वर जाणाऱ्या रहिवाशाला मध्येच टेकता यावे, एवढाच तिचा उपयोग. हाच रहिवासी चाळीस वर्षांपूर्वी कडेवर मूल घेऊन एका दमात तिसरा मजला गाठत असे.

आयुर्मान वाढले म्हणून वृद्धांची संख्या वाढली, हे स्पष्टीकरण खरे असले तरी अपुरे आहे. ते साऱ्या देशाला लागू पडते. उपनगराच्या वार्धक्याचे कारण त्याच्या वसण्यातच दडलेले असते. बंगल्यांच्या काळातील पार्ल्यात १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ उभा राहिला. पुढे साठ-सत्तरच्या दशकांपासून एकेक बंगला पाडून तेथे तळमजला अधिक तीन मजल्यांच्या इमारती आल्या. फ्लॅट घेणाऱ्यांत बँका, विमा कंपन्या, सरकारी कचेऱ्या यांतील नोकरदारांचा भरणा मोठा. तिशी-पस्तिशीचे, पदरी एक-दोन मुले असलेले. एकाच वयाची माणसे एकाच सुमारास राहायला आली आणि त्यांच्या गरजाही एकदमच पुढे सरकत गेल्या. आधी बालवाड्यांत गर्दी, मग दहावीच्या शिकवण्या, त्यानंतर मंगल कार्यालयांच्या तारखा, आणि आता फिजिओथेरपिस्ट व रात्रपाळीच्या आया.

माणसे गावातही म्हातारी होतात. परंतु पुढची पिढी बहुधा हाताशी असते. पार्ल्यात ही साखळी जागेच्या भावाने तोडली. पाचशे चौरस फुटांच्या घरात दोन संसार मावेनात आणि शेजारचा फ्लॅट घेणे नोकरदार मुलाला परवडेना. मग कुणी विरारला, कुणी ठाण्याला, कुणी डोंबिवलीला, तर कुणी थेट अमेरिकेत गेला. या स्थलांतराची सावली जनगणनेत दिसते. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसात टक्क्यांनी घटली. उपनगर जिल्ह्याची जेमतेम आठ टक्क्यांनी वाढली, तर त्या वेळच्या अविभाजित ठाणे जिल्ह्याची छत्तीस टक्क्यांनी. त्यात जन्मदरही उतरला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील एकूण जननदर १.७ इतकाच आहे. म्हणजे मागे राहिलेल्या तरुण घरांतही पाळणा एकदाच हलतो.

तथापि, सरासरीचा आकडा येथे फसवा ठरतो. २०११ मध्ये महाराष्ट्रात साठीपुढील लोकांचे प्रमाण ९.९ टक्के होते. त्यावरून पार्ल्याचा अंदाज बांधणे निरर्थक होय, कारण पार्ले ज्या उपनगर जिल्ह्यात मोडते, त्याच जिल्ह्यात लेकुरवाळे गोवंडी-मानखुर्दही आहे. एकाला अंगणवाड्या हव्यात, दुसऱ्याला सपाट पदपथ. दोहोंची सरासरी काढली, तर दोघांचीही निकड कागदावर सौम्य दिसते. २०२१ ची जनगणना लांबली आणि तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला. तोवर नियोजनाचा आधार २०११ चेच आकडे.

प्रत्यक्षात वृद्धांचे जग जिन्यापाशी अडते. गुडघे दुखू लागले की आधी संध्याकाळचा फेरफटका बंद होतो, मग देवळात जाणे, मग बँक. शेवटी दवाखान्यात जायचे तरी खुर्चीत बसवून चौघांनी उतरवावे लागते. यावर पुनर्विकास हा हुकमी उपाय सांगितला जातो. राज्य सरकारने २०१९ मध्ये सहकारी संस्थांच्या पुनर्विकासासाठी लागणाऱ्या संमतीची अट ७५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आणली. पण पार्ल्याची गोष्ट निराळी. विमानतळ अगदी लगत असल्यामुळे उतरणाऱ्या विमानांच्या मार्गाखालील, म्हणजे फनेल झोनमधील इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. मजले वाढत नाहीत, तर विकायला जादा फ्लॅट मिळत नाहीत, आणि ते नसतील तर विकासक फिरकत नाही. जेथे तो येतो, तेथेही ऐंशी वर्षांच्या माणसाला दोन-तीन वर्षे भाड्याच्या घरात काढायची असतात, ओळखीचा डॉक्टर आणि दूधवाला सोडून. नव्या इमारतीचा मासिक देखभाल खर्च निवृत्तिवेतनात बसेल का, हा प्रश्न सभेत दबक्या आवाजातच विचारला जातो. त्यांच्या नकाराला हेकेखोरपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

राहता राहिला मधला मार्ग, जुन्या इमारतीला बाहेरून लिफ्ट जोडण्याचा. जागा असेल तेथे तो साधतो. परंतु अशी लिफ्ट पुष्कळदा जिन्याच्या वळणावर थांबते, म्हणजे आठ-दहा पायऱ्या उरतातच. त्याहून अवघड भाग वर्गणीचा. तळमजल्यावरचे रहिवासी आपल्याला लिफ्टचा काय उपयोग, असे विचारतात, पहिल्या मजल्यावरचे निम्मे द्यायला तयार होतात, आणि ज्यांचा फ्लॅट कुलूपबंद आहे, त्या परदेशस्थ मालकाचे उत्तर येईपर्यंत विषय पुढच्या सर्वसाधारण सभेवर ढकलला जातो. तिसऱ्या मजल्यावरील सभासद त्या सभेला बहुधा नसतात. खाली उतरणे त्यांना जमत नाही.